घोड्यावर कोण आहे?

दर जूनमध्ये आमच्या बालवाडीत एक प्रश्न हमखास येई. मुलाचं बोट सोडून निघता निघता आई मागे वळे आणि विचारी, "बाई, नुसतं खेळवताच का? लिहायला कधी बसवणार?" वडील आले असले तर ते सरळ विचारीत, "खेळून काय मिळणार याला?" फलटण तालुक्यातली ही माणसं. उसाच्या फडात, कांद्याच्या वावरात, कुणाच्या तरी दुकानात राबणारी. ज्या घरातून प्रत्येक रुपया मोजून बाहेर पडतो, त्या घराने पोराचे तीन तास कशात गेले याचा हिशेब मागणं रास्तच आहे. मी सांगे, बोटांना वळण लागतं, भाषा वाढते, पोर चारचौघांत मिसळायला शिकतं. हे सगळं खरं होतं आणि त्यांना पटायचंही. पण मातीत हात घालून बसलेलं पोर यातल्या कशासाठीही बसलेलं नसतं. ते कशासाठी बसतं, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सुटलेला नाही, आणि तो मला धर्माचा प्रश्न वाटतो.

कारण नेमका हाच सवाल देवालाही विचारून झालेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रतिपक्ष म्हणतो, शहाणा माणूस हेतूशिवाय काही करत नाही. देव तर पूर्णकाम, त्याला मिळवायचं काही उरलेलंच नाही. मग जगाचा एवढा पसारा त्याने मांडला कशाला? काही मिळवण्यासाठी म्हणावं तर तो अपुरा ठरतो, उगाच म्हणावं तर वेडा. तेहतिसाव्या सूत्रात याचं उत्तर आहे आणि ते अगदी थोडक्यात आहे : लोकांत दिसते तशी ही निव्वळ लीला. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य दोन दाखले देतात. एक राजाचा किंवा त्याच्या प्रधानाचा. त्याच्या साऱ्या इच्छा पुऱ्या झालेल्या असतात, तरी तो क्रीडावनात रमतो. दुसरा श्वासाचा. श्वास आत जातो, बाहेर येतो. त्यामागे हेतू नसतो, तो स्वभाव असतो.

राजाचा दाखला मला कधी रुचला नाही. त्यात खेळ हा सगळं मिळाल्यानंतरचा विषय होतो. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. आधी अभ्यास मग खेळ, आधी नोकरी मग छंद, आधी मुलांची लग्नं मग स्वतःचं काही. तोवर खेळायचं असतं हेच माणूस विसरून जातं. श्वासाचा दाखला मात्र मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, १९७२ च्या दुष्काळात.

मी तेव्हा दुसरीत होते. आमच्या भागातल्या विहिरी खरवडून काढल्या तरी घागर भरत नव्हती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि शाळा सुटली की मीही तिथेच जाई. कामावरच्या बायकांची बरीच पोरं तिथे असत. मिळायची ती सुकडी, तीही मोजून. पोट भरलेलं नसेच. त्या पोरांनी तिथे काय मांडावं? दुष्काळी कामच मांडलं. एक जण मुकादम. तो निंबाच्या काडीने मातीत हजेरी लिही. बाकीचे ओळीने बसून खडे फोडल्यासारखं करत आणि मुकादम ओरडे, "ब्रास भरला नाही, पगार कापीन!" पगार म्हणून निंबाची पानं मिळत. मग धुळीची सुकडी वाटली जाई, आणि ती वाटताना कुणी हात आखडता घेत नसे. ओंजळ भरून सांडेपर्यंत वाढायचं, असा जणू नियमच होता.

खेळ म्हणजे दुःखाचा विसर, असं मोठी माणसं सांगतात. आम्ही काही विसरायला खेळत नव्हतो. दुष्काळच हातात घेऊन उलटासुलटा करून पाहत होतो. खऱ्या मुकादमापुढे आई मान खाली घालून उभी राही, ते मला बघवत नसे. खेळात मी स्वतः मुकादम झाले. आमच्या खेळात मुकादमाच्या वर ओव्हरसियर येई आणि मग मुकादमाचीही मान खाली जाई. जे सांगायला मला शब्द नव्हते ते त्या खेळात मला कळलं. आणि आई? पुढे एका नागपंचमीला पाऊस बरा होता. वेशीबाहेरच्या लिंबाला झोके बांधलेले. माझी आई पदर खोचून झोक्यावर उभी राहिली आणि तिने असे काही हेलकावे घेतले, की खाली फेर धरलेल्या बायका थांबून वर बघायला लागल्या. तिला त्यातून काय मिळालं, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मलाही वाटत नाही.

बालवाडीत आल्यावर मला मुलांच्या खेळाकडे पाहायला भरपूर वेळ मिळाला. त्या पाहण्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. खेळणारं मूल फसलेलं नसतं. आमच्याकडे एकदा तपासणीला एक साहेब आले होते, फार प्रेमळ गृहस्थ. अंगणात एका मुलीने त्यांना पानावर मातीची भाकरी वाढली. त्यांनी कौतुकाने तिचा तुकडा मोडून खरंच तोंडात घातला. मुलगी किंचाळली, "अहो, खोटं-खोटं खायचं!" आणि धावत जाऊन तिने त्यांच्यासाठी पाणी आणलं. ते मात्र खरं पाणी. हीच मुलगी दुसऱ्या एका पोराशी जिवाच्या आकांताने भांडलेली मी पाहिली होती, कारण तो तिच्या भाकरीला माती म्हणाला. ही माती आहे हे तिला ठाऊक होतं. ही भाकरी आहे हेही ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी, आणि या दोन्हींचं तिच्या मनात आपसांत काही भांडण नव्हतं.

वेदान्तात भ्रमासाठी दोरी आणि सापाचा दाखला नेहमी दिला जातो. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप जातो आणि दोरी उरते. एक खरं ठरलं की दुसरं खोटं पडतं. मातीच्या भाकरीचं असं होत नाही. तिच्यावर कितीही दिवे आणा, भाकरी जात नाही. म्हणजे सत्य आणि भ्रम यांच्याखेरीज तिसरंही काही आहे, आणि माणसाला ते अडीच-तीन वर्षांचा असताना आपोआप येतं. आपले सण त्याच्यावर उभे आहेत. भाद्रपदात आपण मातीची मूर्ती आणतो, तिच्यात प्राण प्रतिष्ठित करतो, तिला जेवू घालतो, आणि उत्तरपूजा झाली की पाण्यात सोडतो. ती माती आहे हे न कळणारा माणूस या महाराष्ट्रात कुणी नसेल. तरी निरोप देताना घसा दाटतो, आणि तो खोटा दाटत नाही. ज्यांना हा अडाणीपणा वाटतो आणि ज्यांना मूर्तीला मातीची म्हटलेलं सहन होत नाही, त्या दोघांनाही ती भाकरीवाली मुलगी भेटायला हवी होती.

बालशिक्षणातल्या थोरांचंही यावर एकमत नाही. मारिया माँटेसरींना मुलांचं कल्पनेतलं खेळणं फारसं पसंत नव्हतं. काठीचा घोडा करून पळणाऱ्या मुलाला लोक कल्पक म्हणतात. बाईंचं म्हणणं असं, की त्याच्याजवळ घोडा नाही म्हणून ते काठीवर बसतं. ती अपुऱ्या राहिलेल्या इच्छेची खूण आहे. ज्या घरात खरं तट्टू आहे तिथलं मूल काठीकडे वळून बघणार नाही. म्हणून त्यांच्या बालगृहात लुटुपुटूची भांडी नसत. खरं पाणी, खरी काच, पडली तर खरीच फुटणारी. यात मुलाबद्दल केवढा आदर आहे! मुलाला खरं काम करायचं असतं आणि आपण त्याच्या हाती प्लास्टिकची बाहुली देऊन त्याला बाजूला करतो, हे त्यांनी सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गिजुभाई बधेका त्यांना मानत. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीत त्यांनी बालमंदिर काढलं ते त्याच वाटेने. पण गोष्ट आणि नाटक त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आणि खडे आले. माझी सगळी बालवाडी या खड्या-पानांवर चालली. हे ऋण मोठं आहे.

तरी काठीच्या घोड्याचा तो मुद्दा मला फार वर्षं टोचत राहिला. शेवटी त्याचं उत्तर मला सापडलं ते एका खऱ्या घोड्याजवळ.

आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघाली, की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. आमचं घर त्याच तालुक्यातलं आणि वडील दिंडीत पखवाज वाजवणारे, म्हणून मी ते लहानपणापासून पाहत आले. दिंड्या रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहतात, मध्ये वाट मोकळी ठेवतात. दोन घोडे सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीही नसतं. तो माऊलींचा घोडा. हे घोडे बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून येतात. आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याची घडी बसवली तेव्हापासूनचा हा मान. रिकाम्या खोगिराचा तो घोडा माणसांच्या दोन भिंतींमधून दौडत जातो, आणि तो गेला रे गेला की हजारो माणसं वाकून त्याच्या टापांखालची माती उचलतात आणि कपाळाला लावतात.

माँटेसरीबाईंच्या मुलाजवळ घोडा नव्हता आणि स्वार होता. इथे घोडा आहे, चांगला उमदा आहे, आणि स्वार नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली. घोड्यावर कोण आहे, असं तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला विचारून पाहा. तो तुमच्याकडे त्या भाकरीवाल्या मुलीसारखा बघेल. खोगीर रिकामं आहे हे त्याला तुमच्याहून नीट दिसतं, कारण तो पुढच्या रांगेत उभा आहे. आणि माऊली तिथे आहेत हेही त्याला नीट ठाऊक आहे.

अपुरी इच्छा हे बाईंचं निदान बरोबरच होतं, असं मला त्या लिंबाखाली उभं राहून वाटलं. फक्त तो दोष नव्हे. ज्याची ओढ लागली आहे तो समोर नाही, म्हणून त्याची जागा राखून ठेवायची, इतकी नीट राखायची की घोडासुद्धा सजवून आणायचा, याला आपल्याकडे भक्ती म्हणतात. आर्त नसलेला भक्त असतो का? ज्याला काहीच हवंसं वाटत नाही तो काठीवर बसणार नाही हे खरं, पण तो पंढरीला तरी कशाला जाईल? रिंगण झालं की तिथे काय चालतं ते पाहावं. धोतर-बंडीतली पिकली माणसं फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, मनोरे रचतात, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर उड्या घेतात. घरी सुनेसमोर ज्यांचा शब्द खाली पडत नाही अशा सासवा अनोळखी बाईचे हात धरून गरगर फिरतात. श्रद्धेला खेळ म्हटल्याने तिचा अपमान होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तुकोबांची गाथा उघडून पाहावी. तिच्यात विटीदांडूवर, हुतूतूवर, फुगडीवर, टिपरीवर अभंग आहेत. ज्या माणसाने दुष्काळात घरची माणसं अन्नाविना जाताना पाहिली, त्याने हे रचले. तेव्हा खेळ हा भरल्या पोटाचा विषय आहे, असं त्यांच्या गावात तरी कुणी म्हणू नये.

इथे वेदान्ताशी माझी अडचण होते. सूत्रकारांच्या देवाला काहीच हवं नाही. खेळणाऱ्या पोराला मात्र नेहमी काहीतरी हवं असतं, आणि बारकाईने पाहिलं तर ते बहुतेक वेळा एकच असतं : भिडू. एकटं खेळणारं मूलही बाहुलीला किंवा भिंतीला भिडू करतं. मग या दोन खेळांचं नातं काय? त्याचा धागा बृहदारण्यक उपनिषदात मिळतो. तिथे आरंभीच्या त्या एकट्याबद्दल सांगितलंय, की त्याला करमेना, कारण एकट्याला करमत नसतंच, आणि म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. मोठमोठ्या सिद्धान्तांच्या गर्दीत ही गोष्ट किती साधेपणाने सांगून टाकली आहे! पूर्णकाम देवाच्या सूत्राशी ती जुळवायची कशी, ते पंडितांनी बघावं. मला ती जशी आहे तशी कळते, कारण असा चेहरा मी बालवाडीच्या दारात पुष्कळदा पाहिलेला आहे.

लीलेचा अर्थ आपण फार लवकर गोड करून टाकतो. आमच्या गावच्या सप्ताहात एका वर्षी काल्याचं कीर्तन झालं. कृष्णाच्या खोड्या, गोपाळांची शिदोरी, दहीहंडी. बुवा म्हणाले, हे सारं जग अशीच त्याची लीला. कीर्तन संपल्यावर एक बाई पुढे आली. तिचं दोन वर्षांचं पोर तापाने गेलं होतं. ती म्हणाली, "महाराज, त्याचा खेळ झाला. पण माझं पोर मोडलं की हो त्यात." बुवा अभ्यासू होते. त्यांनी शास्त्रातलं उत्तर दिलं. ते लीलेच्या सूत्रानंतरच्या पुढच्याच सूत्राच्या भाष्यात आहे : देवाकडे पक्षपात नाही, क्रूरपणाही नाही. पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बियाण्यासारखं येतं. तसं हे ज्याच्या त्याच्या कर्मासारखं. बाई म्हणाली, "दोन वर्षांच्या पोराचं कसलं हो कर्म?" बुवांनी मागच्या जन्माचं नाव काढलं नाही. त्यांनी हात जोडले, आणि त्यांच्याबद्दल माझा आदर त्यामुळेच वाढला.

त्या बाईला देण्याजोगं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. पण तिच्या प्रश्नामुळे एक फरक मला दिसला, जो मी अगोदर कधी केला नव्हता. खेळ दोन तऱ्हेचे असतात. सारीपाटात खेळणारा पटाबाहेर बसतो. मार खातात त्या सोंगट्या. त्याच्या अंगाला काही लागत नाही. लपंडावात, लगोरीत, आट्यापाट्यांत खेळणारा स्वतःच पळतो. चेंडू त्यालाच लागतो, गुडघा त्याचाच फुटतो, राज्य त्याच्यावरही येतं. देवाची लीला पहिल्या तऱ्हेची असेल, तर त्या बाईने त्याला नमस्कार करू नये आणि मीही करणार नाही.

भागवतातली लीला तशी नाही, हा माझा मोठा आधार आहे. दशमस्कंधाच्या बाराव्या अध्यायात गोपाळ रानात जाताना काय काय करतात ते सांगितलं आहे. ते एकमेकांची शिंकी लपवतात, पाखरांच्या सावल्यांमागे धावतात, मोरासारखं नाचतात, बेडकांसारखं टुणटुण उड्या मारतात, आपल्याच प्रतिध्वनीशी भांडतात. ज्याने हे लिहिलं तो नुसता पंडित नव्हता, त्याने पोरांच्या मागे हिंडून पाहिलेलं आहे. आणि अठराव्या अध्यायात भांडीर वडाजवळ खेळ मांडला जातो. दोन बाजू पडतात. एका बाजूला कृष्ण, एका बाजूला बलराम. हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घ्यायचं, असं ठरतं. कृष्णाची बाजू हरते, आणि तो श्रीदामा नावाच्या गवळ्याच्या पोराला पाठुंगळी घेऊन चालायला लागतो. प्रलंबासुराची कथा पुढे त्यातच येते आणि कीर्तनकार तिकडे वळतात. मी मात्र इथेच थांबते. ज्याने जग पेलल्याचं सांगतात, तो खेळाचा नियम मोडत नाही. मी देव आहे, मला सूट द्या, असं म्हणत नाही. घाम येतो तो त्यालाच. पाठीवरच्या पोराने टाचा मारल्या असतील तर त्याही त्याने सोसल्या असतील. असा देव खेळतो म्हटलं तर मी ऐकून घेईन. त्या बाईचं पोर त्याने परत येणार नाही. पण वर बसून सोंगट्या हलवणाऱ्याशी तिला भांडावं लागतं, आणि ह्याच्याशी भांडता तरी येतं. जो मैदानात असतो त्याच्याशीच भांडता येतं.

सारीपाट माणसांतही येऊन पोचलेला आहे. महाभारतातल्या द्यूतसभेत फासे पडत होते, पण तिथला खेळ कधीच संपला होता, कारण पटावर माणसं लागली होती. युधिष्ठिराने भाऊ लावले, स्वतःला लावलं, द्रौपदीला लावलं. माणूस पणाला लागला की खेळ उरत नाही, हे व्यासांनी इतक्या भयंकर रीतीने दाखवलं, तरी आपण चार वर्षांच्या पोराला नाचाच्या स्पर्धेत उभं करून कोपऱ्यात डोळे वटारून उभे राहतो. हरलेल्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे. ते खेळात हरलेलं नसतं. कुणाच्या तरी पटावर मेलेलं असतं. मोबाईलवर पैसे लावून खेळणाऱ्या तरण्या पोरांबद्दल वेगळं काय सांगायचं? त्यांनाही लहानपणी कुणी पाठीवर घेतलं नसावं.

मुलांनी स्वतः केलेला खेळाचा कायदा याहून कितीतरी शहाणा असतो. त्यातलं कच्चं लिंबू मला सगळ्यांत थोर वाटतं. विषामृत असो, साखळी असो, डबा ऐसपैस असो, एखाद्या मोठ्या पोरीच्या पाठीशी धाकटा भाऊ आलेला असतोच. त्याला पळता येत नाही, नियम कळत नाहीत, आणि घरी ठेवून येताही येत नाही. मग ठरतं, हा कच्चं लिंबू. त्याने सगळं करायचं, पण तो बाद होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला बाजूला बसवत नाहीत. तो खेळात असतो, ओरडतो, पळतो, पकडला जातो आणि पुन्हा पळतो. मुलांना हे कुणी शिकवलेलं मी पाहिलं नाही. नियमाशिवाय खेळ होत नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि नियमाने एखादा जीव बाहेर पडत असेल तर त्याच्यासाठी नियमातच जागा करायची असते, हेही ठाऊक असतं. कर्म आणि कृपा यांचा मेळ कसा घालायचा यावर आपल्या आचार्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. तो मेळ आमच्या शाळेमागच्या मैदानात रोज संध्याकाळी घातला जात होता.

आणि मग एक दिवस तो धाकटा पाय आपटतो. "मी कच्चं लिंबू नाही. मला पण आउट करा." हा क्षण मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिला आणि दर वेळी माझे डोळे भरून आले. त्याला हरायचा हक्क हवा असतो. सूट नको असते. त्या दिवशी तो दहादा बाद होतो, रडतो, रडीचा डाव खेळू नको म्हणून बोलणी खातो, आणि तरी घरी जात नाही. बाकीची पोरंही त्या दिवसापासून त्याला सोडत नाहीत. सोडलं तर तो अपमान होईल, हे त्यांना कळतं. माणूस मोठा कधी झाला ते मला विचाराल तर तो या दिवशी होतो. नोकरी, मतदान, लग्न हे सगळं पुढचं.

म्हातारपणी हा प्रवास उलट होतो, आणि तो कसा करायचा हेही मी वारीतच पाहिलं. फलटणला विमानतळावर पालखीचा मुक्काम असतो. तिथे एका वर्षी ऐंशीच्या घरातले एक आजोबा फुगडीचा फेर बघत उभे होते. पाय लटपटत होते, पण टाळ्या थांबत नव्हत्या. दोन तरण्या पोरांनी, "या माऊली," म्हणत त्यांचे दोन्ही हात धरले आणि अगदी हळू, पाऊल उचलून पाऊल टाकत त्यांना गोल फिरवलं. दोन फेऱ्यांतच आजोबांना धाप लागली. पोरांनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तसे आजोबाही वाकले आणि त्यांनी पोरांच्या पायांना हात लावला. मग ते मोठ्याने म्हणाले, "हरलो बरं का मी!" पोरं म्हणाली, "हरलात, माऊली." कुणी त्यांना जिंकल्याचं खोटं समाधान दिलं नाही.

मीही आता साठी ओलांडली आहे आणि पायऱ्या चढताना कठड्याला धरते. यंदा चांदोबाच्या लिंबाला जाणार आहे. शेजारच्या पोरींना सांगून ठेवलंय, की रिंगण झाल्यावर मला फुगडीत घ्यायचं. त्यांनी विचारलं, "बाई, झेपेल का?" मी म्हटलं, हळू फिरवा, पण पडले तर बाद धरा.